उद्याचं माहीत नसताना प्राध्यापकांच्या कौशल्यविकासाचा आराखडा कसा करायचा

आमच्या कॉलेजच्या आयक्यूएसीच्या (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या) खोलीत एक हिरवी फाइल आहे. वर ठळक अक्षरांत 'शिक्षक विकास आराखडा २०१९ ते २०२४'. ती मीच केली होती. आत अकरा कलमं, प्रत्येकासमोर महिना, जबाबदार व्यक्ती, अंदाजे खर्च. दिसायला फार देखणी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि अकरातली नऊ कलमं आठवड्याभरात निकाली निघाली, कारण त्यांत एकतर कुठे तरी जायचं होतं, नाहीतर सभागृहात जमायचं होतं. उरलेल्या दोनांपैकी एक होतं 'ऑनलाइन अध्यापनाचं प्रशिक्षण'. ते मी २०२३ साली ठेवलं होतं.

त्यानंतर आराखडे करायची माझी पद्धत बदलली. ती पद्धत इथे पायरीपायरीने सांगतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न असलेलं, नागपूर, वर्धा, भंडारा किंवा गोंदिया जिल्ह्यातलं, पंचवीस-तीस शिक्षकांचं, त्यातले बरेच तासिका तत्त्वावरचे, असं महाविद्यालय डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागांनाही यातलं बरंच लागू पडेल. माझं म्हणणं थोडक्यात असं, की आराखडा कार्यक्रमांचा करू नका, तासांचा करा. कार्यक्रम रद्द होतात, वक्ते येत नाहीत, जीआर बदलतो. वेळापत्रकात राखून ठेवलेला दीड तास मात्र तिथेच राहतो. त्यात काय करायचं ते ऐनवेळी बदलता येतं.

आधी अनिश्चितता कागदावर उतरवा

"काहीच सांगता येत नाही सर" हे स्टाफरूममधलं रोजचं वाक्य. त्यातलं निम्मंच खरं असतं. एक दुपार काढा. तीन-चार विभागप्रमुख आणि कार्यालयातले मोठे बाबू यांना बसवा. मोठे बाबू हवेतच, कारण अर्धी माहिती त्यांच्याच कपाटात असते. फळ्यावर चार रकाने काढा: नियम, विद्यार्थी, तंत्रज्ञान, माणसं.

नियमांच्या रकान्यात बदलाचा वेग लगेच दिसतो. पदोन्नतीसाठी आपण यूजीसीच्या जुलै २०१८ च्या विनियमांवर चालतो. जानेवारी २०२५ मध्ये नव्या विनियमांचा मसुदा आला आणि स्टाफरूममध्ये तर्कवितर्कांना ऊत आला. नवं शैक्षणिक धोरण २०२० चं, पण संलग्न महाविद्यालयांच्या पदवी वर्गांत ते २०२४-२५ पासून उतरलं. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एईसी (क्षमतावर्धन), व्हीईसी (मूल्यशिक्षण), भारतीय ज्ञान प्रणाली, ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) असे शब्द एकाच सत्रात वेळापत्रकात घुसले. भूगोलाच्या माणसाने मूल्यशिक्षण शिकवायचं आणि मराठीच्या मॅडमनी एखादा कौशल्याधारित पेपर बसवायचा, असे प्रसंग आले.

तंत्रज्ञानाच्या रकान्यात एक तारीख पुरेशी आहे: ३० नोव्हेंबर २०२२. त्या दिवशी चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं आणि घरून लिहून आणायच्या असाइनमेंटचा अर्थच बदलला.

विद्यार्थ्यांचा रकाना दरवर्षी जुलैत, प्रवेश झाले की, नव्याने भरायचा. कोणत्या विषयाची तुकडी आक्रसते आहे, ते प्रवेशाच्या रजिस्टरवरून कळतं.

आता माणसं. सगळ्यात जास्त घबराट याच रकान्याची, आणि सगळ्यात जास्त निश्चित माहितीही याच रकान्यात. निवृत्तीची तारीख सेवापुस्तकात लिहिलेली असते. तरी दरवर्षी कुणीतरी निवृत्त झालं की विभाग 'अचानक' रिकामा होतो! पुढच्या पाच वर्षांतल्या निवृत्त्या तारखेनिशी फळ्यावर लिहा. त्यांच्याबरोबर कोणतं कौशल्य कॉलेजबाहेर जाणार आहे, तेही लिहा. एखाद्याला प्रयोगशाळेतलं जुनं उपकरण सुरू करता येतं, कुणाला संख्याशास्त्र येतं, कुणाला विद्यापीठाच्या अभ्यास मंडळात काय शिजतंय हे आधी कळतं.

मग प्रत्येक नोंदीसमोर तीन उत्तरं मागा. बातमी आपल्याला कुणाकडून कळेल? कळल्यावर हातात किती दिवस असतील? पहिला फटका कोणत्या वर्गाला बसेल? ही एक पानाची यादी झाली की जे खरोखर अनिश्चित आहे ते आणि जे आपण नुसतंच लिहून ठेवलेलं नव्हतं ते, वेगळं होतं.

कोण कुठे उभं आहे, ते गूगल फॉर्मवरून कळत नाही

माझी एक चूक सांगतो. मी एकदा फॉर्म फिरवला होता: 'आपणांस कोणत्या प्रशिक्षणाची आवश्यकता वाटते?' जवळजवळ सगळ्यांनी 'आयसीटी' वर खूण केली. ते उत्तर देताना कुणालाच काही कबूल करावं लागत नाही, म्हणून सगळ्यांनी तेच दिलं. 'मला मागच्या बाकांवरची पोरं बोलती करता येत नाहीत' असा पर्याय मी दिलाच नव्हता. दिला असता तरी त्यावर नावानिशी कोण खूण करणार?

म्हणून मत विचारू नका, काम पाहा. प्रत्येक शिक्षकाकडून तीनच गोष्टी घ्या: त्यांनी काढलेली अंतर्गत परीक्षेची एक प्रश्नपत्रिका, तपासलेल्या तीन असाइनमेंट, आणि तीस मिनिटांच्या गप्पा. गप्पा केबिनमध्ये नकोत, कँटीनमध्ये चालतील. एकच प्रश्न विचारायचा: गेल्या सत्रात कोणत्या तासाला वाटलं की आज काही जमलं नाही?

प्रश्नपत्रिकेतून फार कळतं. लाल पेन घ्या आणि प्रत्येक प्रश्नाच्या क्रियापदाखाली रेघ मारा. 'व्याख्या लिहा', 'टीप लिहा', 'स्पष्ट करा', 'महत्त्व सांगा' हे एका बाजूला. 'तुलना करा', 'या आकडेवारीवरून निष्कर्ष काढा', 'यातली चूक शोधा', 'तुमच्या गावाला लागू करून दाखवा' हे दुसऱ्या बाजूला. आमच्याकडे पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझ्या स्वतःच्या प्रश्नपत्रिकेत दुसऱ्या बाजूला शून्य होतं. विद्यापीठाच्या पेपरचा साचा ठरलेला असतो, हे खरं. पण अंतर्गत मूल्यमापन तरी आपल्या हातात आहे.

ही माहिती कुणाच्या गोपनीय अहवालात जाणार नाही, हे प्राचार्यांनी पहिल्याच सभेत सांगायला हवं, आणि ते पाळायलाही हवं. एकदा जरी कुणाची प्रश्नपत्रिका सभेत वाचून दाखवली गेली, तर पुढची पाच वर्षं तुम्हाला कुणी खरं सांगणार नाही.

कौशल्यांच्या तीन वाटण्या

जमलेलं सगळं तीन ढिगांत टाका. पहिल्या ढिगात काहीही झालं तरी लागणारी कौशल्यं: नेमका प्रश्न विचारणं, मूल्यमापनाची रचना, विद्यार्थ्याला उपयोगी पडेल असा शेरा लिहिणं, साठ जणांच्या वर्गात सगळ्यांना कामाला लावणं. नागपुरात यात आणखी एक आहे, दोन-तीन भाषांत शिकवणं. आपल्या वर्गात कुणी मराठीत विचार करतो, कुणी हिंदीत, पुस्तक इंग्रजीत असतं, आणि पोर घरी झाडीबोली किंवा गोंडी बोलणारं असू शकतं. आपण सगळे यातून वाट काढतोच, पण ती कशी काढतो यावर कधी बसून बोलत नाही. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी घेऊन प्रत्येक विभागाने आपल्या विषयातल्या शंभर संज्ञांची मराठी-हिंदी-इंग्रजी यादी करणं, हे काम कोणत्याही धोरणात वाया जाणार नाही.

दुसऱ्या ढिगात नियमाने लागणारं. २०१८ च्या विनियमांप्रमाणे वेतनस्तर १० वरून ११ वर जायला २१ दिवसांचं ओरिएंटेशन (उद्बोधन वर्ग) लागतं, आणि त्याशिवाय रिफ्रेशर (उजळणी वर्ग), निदान आठवड्याची कार्यशाळा किंवा ऑनलाइन खुला अभ्यासक्रम यांपैकी एक. स्तर ११ वरून १२ ला असे दोन, तेही दोन-दोन आठवड्यांचे किंवा त्याबदली चालणारे. यासाठी कर्तव्य रजा मिळते. हे सगळं एका तक्त्यात नावानिशी लिहून काढा: कुणाचं स्थाननिश्चितीचं (वरच्या स्तरावर जाण्याचं) वर्ष कोणतं, काय बाकी आहे. मोठं काम नाही, पण न केल्यास माणसाचं वर्ष वाया जातं. नियम बदलायच्या बेतात असताना तर बाकी असलेलं लवकर उरकून घेतलेलं बरं.

तिसऱ्या ढिगात लवकर शिळं होणारं, म्हणजे अमुक सॉफ्टवेअर, तमुक ॲप. याला कधीही पूर्ण दिवस देऊ नका. ज्याला येतं त्याने अर्ध्या तासात दाखवावं, एक पानाची टीप ठेवावी, बास. २०२० मध्ये आपण ज्या ॲपवर तास घेतले, त्यातली काही आता फोनमध्येही नाहीत.

माझी वाटणी अशी: उपलब्ध वेळाचा अर्ध्याहून जास्त भाग पहिल्या ढिगाला. बहुतेक कॉलेजांत नेमकं उलटं असतं, कारण तिसऱ्या ढिगाच्या कार्यशाळेचा फोटो चांगला येतो.

तास कुठून आणायचे

सगळ्यात अवघड पायरी हीच. इथे गणित मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

विनियमांत पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार वर्षाला ३० कामाचे आठवडे, आठवड्याला ४० तास असा धरला आहे. त्यात सहायक प्राध्यापकाचं प्रत्यक्ष अध्यापन १६ तास, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांचं १४. म्हणजे कागदावर वर्षाचे १२०० तास. प्रत्यक्षात काय उरतं ते नागपूरचं वर्ष पाहिलं की कळतं. जून-जुलै प्रवेशात जातात. हिवाळी परीक्षा सुरू झाली की पर्यवेक्षण आणि मूल्यांकन. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीकडचे रस्ते बंद, आणि आपल्यातलेच अर्धे मोर्चात. मार्चपासून उन्हाळी परीक्षा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना दुपारी दोन वाजता कुणाला शिकायला बोलावू नका, ते शिक्षण नव्हे, शिक्षा आहे. त्यात निवडणुका. २०२४ मध्ये नागपुरात लोकसभेचं मतदान १९ एप्रिलला झालं आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला.

मग खरी जागा दोनच: जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, आणि जानेवारीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. एकाआड एक बुधवार धरला तर पहिल्या टप्प्यात पाच आणि दुसऱ्यात तीन बैठका होतात. दीड तासाची एक, म्हणजे वर्षाचे बारा तास. पुढे सांगतो त्या वर्गनिरीक्षणाला प्रत्येकी साधारण सात. एकूण एकोणीस. १२०० तासांतले १९ मागितले तर कुणी नाही म्हणू शकत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. पण ते वेळापत्रकात छापलेले हवेत. 'सोयीने घेऊ' म्हटलं की सोय कधीच होत नाही.

बुधवारीच का? सोमवारी वर्धा-भंडाऱ्याकडून ये-जा करणारे उशिरा पोचतात, शुक्रवारी-शनिवारी लवकर निघतात. तुमच्याकडे मंगळवार चालत असेल तर मंगळवार.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना सोडून आराखडा होत नाही

अनेक विभागांत निम्मे तास सीएचबीवरचे, म्हणजे तासिका तत्त्वावरचे, सहकारी घेतात. त्यांना दर तासाप्रमाणे पैसे मिळतात, तेही उशिरा. काही जण सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात शिकवतात. त्यांना 'प्रशिक्षणाला उपस्थित राहणे अनिवार्य' अशी नोटीस काढणं म्हणजे फुकट राबवणं. पण त्यांना वगळलं तर ज्यांच्यासमोर सगळ्यात जास्त विद्यार्थी बसतात तेच बाहेर राहतात.

आम्ही तीन गोष्टी केल्या. बुधवारची बैठक त्यांच्या तासांना लागून ठेवली, म्हणजे वेगळी खेप पडत नाही. संस्थेकडे पत्र देऊन बैठकीच्या दीड तासाचं मानधन मागितलं, तासाच्या दरानेच. पहिल्या वर्षी मिळालं नाही, दुसऱ्या वर्षी अर्धं मिळालं. आणि त्यांनी घेतलेल्या प्रत्येक सत्राचं, केलेल्या प्रत्येक प्रश्नसंचाचं त्यांच्या नावाने पत्र दिलं, मुलाखतीत दाखवता येईल असं. शेवटचं फुकट आहे. तेवढं तरी कोणत्याही कॉलेजला जमायला हवं.

तीन चित्रांवर घासून पाहा

तेलाच्या धंद्यात शेल कंपनीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एक रीत रुजवली. भविष्य एकच गृहीत न धरता दोन-तीन शक्य चित्रं रंगवायची आणि आपला बेत प्रत्येकात टिकतो का ते पाहायचं. आपल्याला त्यासाठी सल्लागार नको, चार माणसं आणि फळा पुरे.

पहिलं चित्र: सगळं आता आहे तसंच राहतं. दुसरं: दोन विषयांचे प्रवेश घटतात, कार्यभार कमी पडतो, शिक्षकांना मायनर आणि ओपन इलेक्टिव्हमधून तास शोधावे लागतात. तिसरं: वर्ग काही आठवडे भरत नाहीत, किंवा निम्मा स्टाफ निवडणूक आणि मूल्यांकनाच्या कामावर आहे.

आता आराखड्यातलं एकेक कलम घ्या. 'स्मार्ट बोर्डचं प्रशिक्षण' पहिल्या चित्रात चालतं, दुसऱ्यात त्याचा फारसा उपयोग नाही, तिसऱ्यात अजिबात नाही. 'आपला विषय दुसऱ्या शाखेच्या मुलांना शिकवता येणं' दुसऱ्या चित्रात तारून नेतं आणि पहिल्यातही कामी येतं. 'लहान तोंडी परीक्षा घेणं' तिन्हीत चालतं, कारण ती फोनवरही घेता येते. जे कलम दोन चित्रांत टिकत नाही ते काढून टाका. माझ्या हिरव्या फाइलीतल्या त्या नऊ कलमांना ही परीक्षा लावली असती तर ती तेव्हाच पडली असती.

तिघांचा गट

आता मुख्य काम. बाहेरच्या वक्त्याचं व्याख्यान ऐकून शिकवणं बदललेलं मी क्वचितच पाहिलं आहे. दुसऱ्याचा तास पाहून मात्र बदलतं, विशेषतः विषय आपला नसेल तर. वाणिज्याचा माणूस वनस्पतिशास्त्राच्या तासाला बसला की आशय कळत नाही, त्यामुळे त्याचं लक्ष आपोआप शिकवण्याकडे जातं.

गट तीन वेगवेगळ्या विभागांतल्यांचा करा. एक जुना, एक मधला, एक सीएचबीवरचा किंवा नवा. विभागप्रमुख आणि त्याच्याच हाताखालचा सहकारी एका गटात नको. वर्षात दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीत प्रत्येकाचा एक तास बाकीचे दोघं पाहतात.

तासाआधी दहा मिनिटं बसायचं. शिकवणाऱ्याने सांगायचं: आज तुम्ही माझ्यासाठी हे एक पाहा. 'मी प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबतो', 'कोणत्या बाजूच्या मुली बोलतच नाहीत', 'फळा मागून वाचता येतो का'. एकच गोष्ट, आणि ती शिकवणाऱ्यानेच निवडलेली. मग दोघांनी मागच्या बाकावर तीस मिनिटं बसायचं आणि फक्त नोंदी करायच्या. 'छान', 'कंटाळवाणं' असं काही लिहायचं नाही. '११.१२ ला प्रश्न, दोन सेकंदांत स्वतःच उत्तर' असं लिहायचं. नंतर अर्धा तास चहा. आधी शिकवणाऱ्याने बोलायचं, मग नोंदी वाचायच्या, शेवटी त्याने सांगायचं की पुढच्या वेळी काय वेगळं करून पाहीन. नोंदींचा कागद त्यालाच द्यायचा. आयक्यूएसीकडे फक्त तारीख आणि तीन सह्या येतात. नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) शिक्षक सक्षमीकरणाच्या निकषासाठी एवढा कागद पुरावा म्हणून जोडता येतो.

"मला तीस वर्षं झाली शिकवून, आता माझा तास कोण पाहणार?" हे ऐकायची तयारी ठेवा. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना पहिल्या फेरीत फक्त पाहणारे करा. आमच्या एका ज्येष्ठ सरांनी दोन तास पाहिले आणि स्वतःहून म्हणाले, "माझाही पाहून घ्या, पण सोमवारचा पाहू नका, तो वर्ग बेकार आहे." आम्ही सोमवारचाच पाहिला.

एक पूर्ण टप्पा उदाहरणादाखल: असाइनमेंटचं काय करायचं

जुलै ते सप्टेंबरच्या पाच बुधवारांना एकच विषय द्या. पाच वेगवेगळे विषय घेतले की एकही पचत नाही. आमचा विषय होता घरून लिहून आणायची असाइनमेंट.

पहिल्या बुधवारी प्रत्येकाने गेल्या वर्षीचा स्वतःचा प्रश्न आणला, फोनवर चॅटजीपीटी किंवा जेमिनायला विचारला आणि आलेल्या उत्तराला नेहमीच्या हाताने गुण दिले. अर्थशास्त्राच्या मॅडमनी दहापैकी आठ दिले. थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग सगळेच हसले. एआयवरच्या दहा व्याख्यानांनी जे झालं नसतं ते त्या अर्ध्या तासात झालं.

दुसऱ्या बुधवारी प्रश्न बदलायचे. सूत्र एवढंच की उत्तरासाठी विद्यार्थ्याला घराबाहेर पडावं लागेल किंवा स्वतःची नोंद वापरावी लागेल. 'बाजारपेठेचे प्रकार सांगा' याऐवजी 'कळमना मार्केटमधले संत्र्यांचे भाव सात दिवस लिहून ठेवा आणि चढउतार कशामुळे ते तिथल्या दोन माणसांना विचारून सांगा'. इतिहासाला अजब बंगल्यातली (नागपूरच्या वस्तुसंग्रहालयातली) एक वस्तू, मराठीला आजीच्या तोंडची दहा जात्यावरची किंवा भुलाबाईची गाणी.

तिसऱ्या बुधवारी तोंडी परीक्षेचं गणित. साठ मुलं, प्रत्येकाला चार मिनिटं, म्हणजे २४० मिनिटं, चार तास. शक्य नाही, असं सगळे म्हणाले. मग चिठ्ठ्या टाकून पंधराच जणांना बोलवायचं ठरलं, एक तास. आपला नंबर लागेल की नाही हे कुणालाच माहीत नसल्याने साठही जण वाचून येतात. चिठ्ठीत नाव न आलेल्यांवर अन्याय होऊ नये म्हणून या परीक्षेला गुण ठेवले नाहीत. लिहिलेलं समजावून सांगता आलं नाही तर असाइनमेंट पुन्हा लिहायची, एवढंच.

चौथ्या बुधवारी विद्यार्थ्यांसाठी पाच ओळींचा नियम मराठीत लिहिला: एआय कुठे वापरलं तर चालेल, कुठे नाही, वापरलं तर कसं सांगायचं. पाचव्या बुधवारी नव्या प्रश्नांना आलेली उत्तरं टेबलावर पसरून वाचली. काही प्रश्न साफ फसले होते. माझ्या प्रश्नाचं उत्तर चाळीस जणांनी एकाच दुकानदाराला विचारून लिहिलं होतं.

बाहेरची मदत, पण वेगळ्या पत्राने

नागपूरला घरबसल्या जे आहे ते फार थोड्या शहरांना आहे. औपचारिक अभ्यासक्रमांसाठी विद्यापीठाचं स्वतःचं प्रशिक्षण केंद्र आहे. पूर्वीचं ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेज, मग एचआरडीसी (मानव संसाधन विकास केंद्र), आणि सप्टेंबर २०२३ पासून शिक्षक प्रशिक्षणाच्या मालवीय मिशनखालचं केंद्र. ऑनलाइनला २०१७ पासून केंद्र सरकारचं स्वयम हे व्यासपीठ आहे. त्यापलीकडे वर्धा रोडवर नीरी (पर्यावरण संशोधन संस्था) आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था, अमरावती रोडवर मृदा सर्वेक्षण आणि लिंबूवर्गीय फळांच्या संस्था, सेमिनरी हिल्सला भूवैज्ञानिक सर्वेक्षण, सिव्हिल लाइन्सला भारतीय खाण ब्यूरो आणि वेकोलि (कोळसा कंपनी), काटोल रोडवर मॉयल (मँगनीज कंपनी), दक्षिण अंबाझरी रोडला व्हीएनआयटी (अभियांत्रिकी संस्था), मिहानमध्ये आयआयएम. वर्ध्याला हिंदी विद्यापीठ, रामटेकला संस्कृत विद्यापीठ.

आपण त्यांना पत्र कसं लिहितो? 'आपल्या मौलिक मार्गदर्शनपर व्याख्यानासाठी उपस्थित राहावे ही विनंती.' मग शाल, श्रीफळ, पाऊण तास, टाळ्या. त्याऐवजी असं लिहून पाहा: 'आमचे दोन शिक्षक अर्धा दिवस आपल्याकडे येऊ इच्छितात. मातीचे नमुने कसे तपासले जातात आणि त्याची नोंद कशी ठेवतात ते पाहायचं आहे. पुढच्या सत्रातल्या क्षेत्रप्रकल्पासाठी त्यावरून काम बसवायचं आहे.' नेमकं मागितलं की होकार येण्याची शक्यता वाढते. आणि त्या दोघांनी पुढच्या बुधवारी बाकीच्यांना वीस मिनिटांत सांगायचं, ही अट ठेवा.

पैसे

फार लागत नाहीत. मानधन, झेरॉक्स, जाण्यायेण्याचा खर्च आणि बुधवारचे तर्रीपोहे. पोहे कापू नका, तिसऱ्या बैठकीपासून उपस्थिती त्यांच्यावरच टिकते. लॅपटॉप आणि स्टुडिओवर मोठा खर्च करायचा असेल तर वर्षभर थांबा. कोण खरंच वापरेल हे तोपर्यंत दिसतं.

काही बदललं का, हे कसं ओळखायचं

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजायच्या चार पातळ्या मांडल्या: लोकांना आवडलं का, ते शिकले का, त्यांचं वागणं बदललं का, आणि त्याचा परिणाम दिसला का. आपण पहिल्या पातळीवर फॉर्म भरून घेतो, प्रमाणपत्र देतो आणि थांबतो. चौथी पातळी एका वर्षात दिसत नाही, निकालावर शंभर गोष्टींचा परिणाम होतो, तिच्या मागे लागू नका. तिसरी मात्र स्वस्तात पाहता येते. वर्षाच्या शेवटी तीच लाल पेनाची कसरत पुन्हा करा. गेल्या वर्षीची आणि यंदाची प्रश्नपत्रिका शेजारी ठेवा, दुसऱ्या बाजूची क्रियापदं मोजा. दोन्ही कागद शिक्षकाकडेच राहू द्या, तुम्ही फक्त सगळ्या कॉलेजची बेरीज लिहून ठेवा.

आणि वीस-पंचवीस विद्यार्थ्यांना बसवून विचारा: या वर्षी कोणत्या तासाला काहीतरी वेगळं झालं? शिक्षकाचं नाव घेऊ नका, काय झालं ते सांगा. मुलं फार नेमकं सांगतात.

दर काही महिन्यांनी काय सोडायचं

ऑक्टोबर, जानेवारी, मार्च असे तीन आढावे पुरे. पाऊण तासाची बैठक, पहिल्या दिवशीचं ते चार रकान्यांचं पान समोर. काय बदललं? त्यामुळे कोणतं कलम सोडायचं? नवीन कलम घ्यायचं असेल तर एक जुनं काढावंच लागेल, हा नियम करा. विद्यापीठाचा पाच वर्षांचा बृहत् आराखडा असतो, संस्था विकास आराखडाही मागतात. तिथे दिशा म्हणून चार ओळी लिहा. तपशील मात्र एका सत्रापुरताच.

समन्वयक दोन ठेवा, त्यातला एक चाळिशीच्या आतला. मी आजारी पडलो तेव्हा दोन महिने काम बंद पडलं होतं, कारण सगळं माझ्या डोक्यात होतं. आता एक पानाची हस्तांतर-टीप असते: गटांची नावं, उरलेले बुधवार, कोणत्या संस्थेत कुणाशी बोलणं झालं, कुणाचं ओरिएंटेशन बाकी, संज्ञांच्या यादीचं काम कुठवर आलं. सगळ्या फाइली कॉलेजच्या ईमेल खात्याच्या ड्राइव्हवर, कुणाच्या खासगी खात्यावर नाहीत. पासवर्ड पाकिटात बंद करून मोठ्या बाबूंच्या कपाटात ठेवला आहे, हिरव्या फाइलीशेजारी.